सणांच्या दिवसांतील उदासी : एक न सांगितले जाणारे दुखणे

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाकडून लेख मागविला म्हणजे लसीकरण, अतिसार, बालदमा किंवा मुलांचा आहार यांपैकी एखादा विषय येणार, अशी संपादकांची रास्त अपेक्षा असते. आजवर मी ती पाळलीही आहे. यंदा मात्र थोडी सवलत घेत आहे. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत दरवर्षी माझ्या दवाखान्यात मुलांबरोबर आणखी एक दुखणे येते. ते आईच्या, क्वचित आजीच्या, कधी वडिलांच्या चेहऱ्यावर दिसते, पण केसपेपरावर त्याची नोंद होत नाही. मुलाचे औषध घेऊन मंडळी परत जातात आणि ते दुखणेही त्यांच्याबरोबर परत जाते. ‘सणासुदीला असे तोंड पाडून बसू नये’ हा आपला घरोघरचा संस्कार. त्यामुळे इतर दिवशी जी माणसे आपली उदासी एखादे वेळी बोलून दाखवतील, तीही या दोन महिन्यांत ती गिळून टाकतात. या दुखण्याची कारणे कोणती, ते आजार केव्हा ठरते आणि त्यावर काय करता येते, याची माहिती सामान्य वाचकांना व्हावी आणि सहकारी डॉक्टरांनाही काही उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सणांची साखळी आणि शेतीचा हिशेब

पांढुर्णा आणि सौंसर हे आपले दोन तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरही मध्य प्रदेशात राहिले आणि २०२३ मध्ये त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. राज्यकारभाराच्या रेषा अशा बदलल्या, तरी आपले स्वयंपाकघर आणि आपले पंचांग विदर्भाचेच राहिले. श्रावणी अमावस्येला पोळा, मग गणपती, महालक्ष्म्या, पितृपक्ष, नवरात्र, दसरा, कोजागिरी आणि आश्विन अमावस्येला लक्ष्मीपूजन. मध्ये अधिक मास आला नाही, तर पोळा ते दिवाळी हे अंतर बरोबर दोन चांद्रमासांचे आहे. वर्षातले बहुतेक मोठे सण या साठ दिवसांत दाटीवाटीने बसलेले आहेत.

नेमके हेच दिवस शेतकऱ्याच्या जिवाला घोर लावणारे असतात. कपाशीवर फवारण्या चालू असतात. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ याच काळात होते आणि सकाळी बागेत गेलेला माणूस झाडाखालचा सडा पाहून गप्प होऊन घरी येतो. सोयाबीन काढणीला येते, त्याच सुमारास परतीचा पाऊस डोकावतो. कापसाची पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास सुरू होते. म्हणजे पैसा हातात येण्याआधी खर्चाचे दिवस येतात. लेकीची पहिली दिवाळी असेल, जावयाचा मानपान असेल, मुलांचे कपडे असतील, तर ते सारे उधारीवर उभे राहते. बाजार फुललेला असतो, पण बाजारातून हिंडणाऱ्या प्रत्येकाचे मन फुललेले असते असे नाही.

मन का खचते?

पाश्चात्त्य ग्रंथांत हिवाळी औदासीन्याची चर्चा बरीच आढळते. १९८४ साली नॉर्मन रोझेनथाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे वर्णन केले आणि त्याचा संबंध कमी होणाऱ्या सूर्यप्रकाशाशी जोडला. उत्तर युरोपात डिसेंबरमधला दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. आपण साधारण साडेएकवीस अंश अक्षांशावर राहतो आणि आपला सर्वांत लहान दिवसही सुमारे पावणेअकरा तासांचा असतो. तेव्हा आपल्याकडील सणासुदीच्या उदासीचा दोष सूर्यनारायणाला देऊन चालणार नाही. कारणे घरातच शोधावी लागतील.

पहिले कारण अपेक्षांचे. इतर दिवशी माणूस दुःखी असला तर फक्त दुःखी असतो. सणाच्या दिवशी त्याला आनंदी असण्याचे कर्तव्यही पार पाडावे लागते. ते जमले नाही की मूळ दुःखात अपराधीपणाची भर पडते. ‘सगळे हसत आहेत, मलाच काय झाले आहे?’ हा प्रश्न मूळ दुःखाहून अधिक थकवणारा असतो.

दुसरे कारण रिकाम्या पाटाचे. मृत्यूनंतरचा पहिला सण जड जातो, हे आपल्या समाजाने फार पूर्वी ओळखले होते. ज्या घरी वर्षभरात कोणी गेले असेल, तेथे सण साधेपणाने करण्याची आणि नातलगांनी त्या घरी आवर्जून जाण्याची रीत त्यातूनच आली असावी. परंतु दुःख वर्षाच्या मुदतीत संपतेच असे नाही. तिथी आली की ते पुन्हा जागे होते, आणि आपल्या गावाला याचे एक वेगळे रूप ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात अन्यत्र तान्हा पोळा भरतो, लहान मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. त्याच दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि गोटमार होते. परंपरेच्या बाजूने किंवा विरोधात येथे मला वाद घालायचा नाही. पण दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि वृत्तपत्रांतील नोंदींनुसार १९५५ पासून दहाहून अधिक माणसे या दिवशी दगावली आहेत. त्या घरांत पोळ्याची कर उजाडते म्हणजे काय उजाडते, याचा विचार आपण वैद्यकीय मंडळींनी तरी करावा. त्या दिवशी आपण टाके घालतो, क्ष-किरण काढतो, डोक्याला मार लागलेल्यांना नागपूरला पाठवतो. पाच-दहा वर्षांपूर्वी ज्या घरातला माणूस गेला, त्या घरी त्या दिवशी कोणी जात नाही.

तिसरे कारण श्रमांच्या वाटणीचे. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक म्हणजे पुरण, आंबील आणि सोळा भाज्या. पंगती उठेपर्यंत घरातली सून अर्धपोटी असते. सणाचा आनंद सर्वांचा आणि सणाचे काम दोघींचे, अशी अनेक घरांची स्थिती आहे. त्यातच ती ओली बाळंतीण किंवा अंगावर पाजणारी असेल, तर तिचे अंग आणि मन दोन्ही खचते.

चौथे कारण दुराव्याचे. शिक्षण व नोकरीसाठी आपली मुले नागपूर, पुणे, बंगलोर आणि परदेशापर्यंत गेली. दिवाळीला येणारा मुलगा चार दिवस राहतो. तो येईपर्यंत वृद्ध आईवडिलांचा जीव वाटेकडे लागलेला असतो आणि त्याची गाडी पांढुर्णा स्टेशनावरून सुटल्यावर घर पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागते. अमेरिकेत नाताळात आत्महत्या वाढतात असा लोकांचा समज आहे. तेथील आकडेवारी मात्र डिसेंबर हा त्या दृष्टीने सर्वांत कमी संख्येच्या महिन्यांपैकी एक असल्याचे दाखवते. धोका सण सरल्यावर वाढतो, असे काही देशांतील अभ्यासांत दिसले आहे. सण जे देईल अशी आशा होती ते मिळाले नाही, हे सणानंतरच कळते. म्हणून लक्ष ठेवायचे ते केवळ लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्हे, तर भाऊबीज आटोपून पाहुणे गेल्यानंतरच्या आठवड्यातही.

पाचवे कारण शरीराचे. जागरणे, अवेळी जेवण, फराळाचे तेलतूप, उपवास, ‘सण आहे’ म्हणून वाढलेले मद्यपान आणि धावपळीत चुकलेली नेहमीची औषधे यांचा मनावर थेट परिणाम होतो. मद्याने थोडा वेळ बरे वाटते, पण झोपेची घडी विस्कटते आणि दुसऱ्या दिवशीची उदासी अधिक गडद होते.

माझ्याकडून राहून गेलेला प्रश्न

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये एवढा फरक करून सांगतो. भाद्रपद महिना होता. एक तरुण आई तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन दहा दिवसांत तिसऱ्यांदा आली. तक्रार तीच होती : बाळ रडते, दूध पुरत नसावे. मी बाळाला पुन्हा तपासले, वजन केले. वजन थोडे कमी भरत होते, पण काळजीसारखे नव्हते. पोटदुखीचे थेंब लिहून दिले. सासूबाई बाहेर बसल्या होत्या. उठता उठता ती हलक्या आवाजात म्हणाली, “डॉक्टरसाहेब, सण आला का मले भेव वाटते.” रुग्णांची रांग लागली होती. मी हसून म्हणालो, “अहो, सणात सगळ्यांनाच काम पडते. चार दिवसांनी होईल बरे.” आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

महालक्ष्म्यांच्या विसर्जनाच्या दिवशी तिने जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला. तिला नागपूरला नेण्यात आले आणि दैव बलवत्तर म्हणून ती वाचली. पुढे काही महिन्यांनी बाळाच्या लसीसाठी ती आली तेव्हा मानसोपचार चालू होते आणि प्रकृती पुष्कळ सुधारली होती. मी धीर करून तिची क्षमा मागितली. तिने माझ्यावर राग धरला नव्हता. एवढेच म्हणाली, “तुमी तीन खेप बाळाले तपासलं. मले कोणी इचारलंच नाही.”

एम.डी. होण्यासाठी मी जी पुस्तके वाचली त्यांत बाळाचे वजन कमी भरण्याची कारणे ओळीने दिलेली होती. आईचे मन हेही त्यांपैकी एक कारण आहे, हे मला त्या दिवशी समजले. तेव्हापासून बाळ तपासून झाले की मी आईकडे वळतो आणि म्हणतो, “बाळाचे झाले. आता तुमचे सांगा. झोप लागते का? मन कसे आहे?” याला एखादे मिनिट लागते. बहुतेक जणी ‘ठीक आहे’ म्हणतात. काहींच्या डोळ्यांत पाणी येते. त्या पाण्यासाठी दवाखान्यात जागा ठेवावी लागते, म्हणजे सोबतच्या माणसांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगावे लागते.

आईची उदासी आणि बाळाचे वजन

हा केवळ माझ्या एका अनुभवाचा प्रश्न नाही. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. आर्थिक ओढाताण, पतीशी बेबनाव आणि मुलगी झाल्याची नाराजी या गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. त्याच गटाने २००३ मध्ये दाखवून दिले की, अशा मातांची बाळे सहाव्या महिन्यात कमी वजनाची असण्याचे प्रमाण अधिक होते. भारतातील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. म्हणजे दवाखान्यात बाळ घेऊन बसलेल्या दर पाच मातांमागे एक.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत रडू येणे, चिडचिड होणे हे अगदी सामान्य आहे आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही ते टिकले, बाळाविषयी माया वाटेनाशी झाली किंवा ‘मी आई म्हणून नालायक आहे’ असे विचार येऊ लागले, तर ते नैराश्य समजावे. एडिंबरो प्रश्नावली ही दहा प्रश्नांची साधी चाचणी १९८७ पासून वापरात आहे आणि प्रशिक्षित परिचारिकाही ती घेऊ शकते.

मुले काय सांगतात?

मुलाला ‘मला उदास वाटते’ असे म्हणता येत नाही. त्याचे पोट दुखते. डोके दुखते. पुन्हा अंथरुणात लघवी होऊ लागते, शाळेत जाताना उलटी होते किंवा क्षुल्लक कारणाने आकांडतांडव होते. तपासणीत काही सापडले नाही, म्हणजे मूल ढोंग करते असा निष्कर्ष काढू नये. दुखणे खरे असते, फक्त त्याचा उगम पोटात नसतो. घरात पैशांवरून चाललेली कुजबुज, सणाच्या रात्री पिऊन आलेले वडील, शेजारच्या मुलाच्या फटाक्यांशी होणारी तुलना, तिमाही परीक्षेत कमी पडलेले गुण हे सारे मूल मुकाट्याने साठवत असते. गोटमारीत रक्तबंबाळ झालेला बाप किंवा काका डोळ्यांनी पाहिलेली मुले रात्री दचकून उठतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. अशा मुलाला ‘घाबरतोस कशाला’ म्हणून गप्प करू नये. काय पाहिले ते त्याला सांगू द्यावे, जवळ घेऊन झोपवावे आणि नेहमीचा दिनक्रम लवकर सुरू करावा. महिनाभराने भीती ओसरली नाही, तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

किशोरवयीन मुलांत उदासीऐवजी चिडखोरपणा दिसतो. खोलीचे दार बंद राहते, मित्र तुटतात, दिवसा झोप आणि रात्री मोबाईल असे चक्र सुरू होते. ‘वयच तसे आहे’ म्हणून सोडून देण्याआधी एकदा निवांत विचारून पाहावे.

मरगळ कोणती आणि आजार कोणता?

प्रत्येक उदासी हा आजार नव्हे. सणाचा शीण दोन-चार दिवसांच्या झोपेने जातो. वियोगाचे दुःख लाटांसारखे येते आणि ओसरते. मधल्या काळात माणूस हसतो, जेवतो, गेलेल्याच्या गोड आठवणी सांगतो. नैराश्याच्या आजारात मात्र मनावरचा ढग हलत नाही. पुढील दोन प्रश्न स्वतःला किंवा आपल्या माणसाला विचारावेत :

१. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश किंवा हताश राहिले का?
२. ज्या गोष्टी एरवी आवडतात, त्यांतील रस किंवा आनंद बहुतेक दिवस नाहीसा झाला का?

यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर पुढील तपासणी करून घ्यावी. सोबत झोप व भूक कमी किंवा जास्त होणे, सततचा थकवा, मन एकाग्र न होणे, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थ येरझारा, स्वतःला दोष देणे आणि मरणाचे विचार यांपैकी लक्षणे असतील आणि रोजच्या कामात अडथळा येत असेल, तर तो आजार आहे. त्यात इच्छाशक्तीचा कमकुवतपणा नाही आणि श्रद्धेची उणीवही नाही. मधुमेह जसा ‘मन खंबीर करा’ म्हटल्याने बरा होत नाही, तसाच हाही होत नाही.

घरच्या मंडळींनी काय करावे?

सण लहान करावा. सोळा भाज्यांच्या ठिकाणी पाच केल्या तर महालक्ष्म्या रुसणार नाहीत, आणि घरातली सून पंगतीला वेळेवर बसली तर बहुधा अधिक प्रसन्न होतील. कामे आधीच वाटून घ्यावीत आणि पुरुषांनी त्यांत केवळ बाजारहाटापुरता वाटा उचलू नये. खर्चाची मर्यादा सणापूर्वी पतीपत्नींनी एकत्र बसून ठरवावी आणि मुलांनाही सांगावी. मुलांना नकार समजतो, पण अचानक मिळालेला रागाचा फटकारा समजत नाही.

झोपेची वेळ शक्यतो मोडू नये. रोज अर्धा तास चालावे. मानसिक आजाराची, रक्तदाबाची किंवा फेफऱ्याची औषधे सणाच्या आधीच पुरेशी आणून ठेवावीत. उपवास करायचा असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. मद्य टाळावे.

गेलेल्या माणसाचे नाव घरात घ्यावे. ‘आज त्याची आठवण नको, लेकरे रडतील’ असे म्हणून सणाच्या दिवशी त्याला घराबाहेर ठेवू नये. त्याच्या आवडीचा एखादा पदार्थ करावा, दोन आठवणी सांगाव्यात. रडू आले तर येऊ द्यावे.

शेतकरी कुटुंबांसाठी एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. फवारणीची औषधे राहत्या घरात, माळ्यावर किंवा स्वयंपाकघराजवळ ठेवू नयेत. ती कुलुपात आणि शक्यतो घरापासून दूर ठेवावीत. जीव देण्याची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळी घातक वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचू शकतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले, हे याचे ठळक उदाहरण आहे. हीच खबरदारी खेळता खेळता बाटली तोंडाला लावणाऱ्या लहान मुलांचाही जीव वाचवते.

कोणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे म्हटले तर विषय बदलू नये, उपदेशही करू नये. शांतपणे ऐकावे, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही समुपदेशकाशी बोलता येते. तसेच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिच्यावर खटला चालवायचा नसतो, तिच्या उपचारांची जबाबदारी शासनाची असते. पोलिसांच्या भीतीने रुग्णाला लपवून ठेवणाऱ्या कुटुंबांना ही माहिती आवर्जून द्यावी.

सौंसरजवळच्या जामसावळीच्या हनुमंताकडे अनेक कुटुंबे मनाने बिघडलेल्या माणसाला घेऊन येतात. तेथे त्यांना धीर मिळतो, समदुःखी भेटतात, आणि या गोष्टींना मोल आहे. माझी विनंती एवढीच असते की, दर्शन घ्यावे आणि औषधही घ्यावे. गुजरातेत मीरा दातार दर्ग्यात प्रार्थनेबरोबरच मानसोपचार देण्याची व्यवस्था केली गेली. श्रद्धेचे स्थान आणि दवाखाना एकमेकांचे वैरी असण्याचे कारण नाही.

सहकारी डॉक्टर मित्रांसाठी

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशासह बारा राज्यांचा समावेश होता. विविध मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, असे त्यात आढळले. हे रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाहीत, आपल्याकडे येतात. डोकेदुखी, अंगदुखी, अशक्तपणा, ‘गॅस’ आणि ‘एक सलाईन लावून द्या’ ही त्यांची भाषा असते.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबविण्यात आला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांपर्यंत पोहोचणे हा त्याचा गाभा होता. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत गेले. तीच कपाशी, तीच संत्री, तीच भाषा आणि तेच सण असलेल्या मुलखात हे घडले. आपल्या आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका यांच्या मदतीने येथेही ते का घडू नये?

उपचारांबाबत काही मुद्दे उजळणीसाठी मांडतो. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ तपासावे. नैराश्यावरील औषध सुरू करण्यापूर्वी पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला होता का, हे विचारावे. औषधाचा परिणाम दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात, हे पहिल्याच भेटीत सांगावे, अन्यथा रुग्ण आठव्या दिवशी औषध बंद करतो. बरे वाटल्यावरही सहा ते नऊ महिने उपचार चालू ठेवावेत आणि डोस हळूहळू कमी करून थांबवावेत. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, त्या नैराश्यावरचा उपाय नाहीत. स्तनपान देणाऱ्या मातेस सर्ट्रालिनसारखे औषध देता येते, त्यासाठी दूध तोडण्याची गरज नसते. आत्महत्येच्या विचारांविषयी थेट विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. मात्र असे विचार असलेल्या रुग्णाच्या हाती महिन्याभराच्या गोळ्या एकदम देऊ नयेत आणि त्यास विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे.

शेवटी आपल्याविषयी. माझी आई गेली त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही मी दवाखाना उघडा ठेवला. लोकांनी सेवाभावाची स्तुती केली. घरी पत्नी म्हणाली, “तुम्हाला घरी यायचे नव्हते, एवढेच.” ते खरे होते. आपल्यापैकी अनेक जण कामाच्या आडोशाला दुःख लपवतात, स्वतःच स्वतःला गोळ्या लिहून देतात आणि लहान गावात सर्वांना कळेल या धास्तीने कोणाकडेही जात नाहीत. सणांच्या दिवसांतील आपत्कालीन सेवा आपण सर्वांनी पाळीने वाटून घ्यावी आणि प्रत्येक डॉक्टरचा एक स्वतःचा डॉक्टर असावा, असे मी या निमित्ताने सुचवतो.

पोळ्याच्या करीला नागपुरात मारबत निघते. वर्षभराची रोगराई, महागाई, अन्याय यांचे बडगे करून लोक त्यांना मोठ्याने नावे ठेवत गावाबाहेर नेतात. आपली पीडा चारचौघांत बोलून दाखवण्याचा तो वर्षातला एक हक्काचा दिवस. मनाच्या पीडेला मात्र असा दिवस नेमून दिलेला नाही, तो आपणच द्यायला हवा. या वर्षी फराळाचे ताट घेऊन ज्या घरी जाल, तेथे घटकाभर बसा, आणि ‘कसे चालले आहे?’ हे विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा.

येणारे सण सर्वांना सुखाचे जावोत.